गोगलगायीचं तोंड

२ ऑगस्ट १९७८

पिस्टन वितळला. दुसरा! तीन नंबरच्या सिलिंडरमधला, मधोमध बोट जाईल एवढं भोक. सकाळपासून तो हातात घेऊन बसलो होतो. भीमा चहा ठेवून गेली. लग्नाला सतरा वर्षं झाली, पण असल्या वेळी काही विचारायचं नाही एवढं तिला बरोबर कळतं.

हिंदुरावांचं काय जातंय? धरणाच्या कामावर एक मोडीत निघालेलं डिझेल इंजिन दिसलं, त्यावरचा टर्बो काढून आणला आणि माझ्या गॅरेजात आणून टाकला. "यशवंता, ह्ये माज्या अँबॅसिडरला बसव. जिल्ह्यात असली गाडी दुसऱ्याकडं दिसाय नको." कंत्राटदार माणूस. मूळचे वैरागचे, आता सात रस्त्याजवळ बंगला. त्यांना वाटतं टर्बो म्हणजे टोपी, डोक्यावर ठेवली की झालं.

इंजिनाच्या धुरावर एक चाक फिरतं. त्याच दांड्यावर दुसरं चाक, ते बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतं. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. आणि जास्त उष्णता — ती निस्तरायची मी. आकार शंखासारखा, म्हणून गॅरेजात सगळे तिला गोगलगाय म्हणतात.

९ ऑगस्ट

हेडखाली जाड तांब्याचा पत्रा घालून बघायचं ठरवलं. दाब थोडा उतरेल. पत्रा तांबटाकडून कापून आणला, भोकं मी कानशीनं घासली. दोन दिवस गेले. बोटं सोलली.

१३ ऑगस्ट

इंजिन खडखडत नाही! वेल्डर मल्लप्पानं धुराचा नळा नव्यानं वेल्ड करून दिला, तोही सांध्यात फुटला नाही. जोर दिला की गोगलगाय तव्यासारखी लाल होते आणि शिट्टी मारते. मल्लप्पा शेजारी उभा राहून ऐकत होता. गिरणीच्या भोंग्यापेक्षा बरी, म्हणाला.

२० ऑगस्ट

शिवयोगी आला होता. अक्कलकोटकडचा. आठ वर्षं माझ्या हाताखाली होता, गेल्या वर्षापासून हिंदुरावांचा ड्रायव्हर. त्यांची जीप उभी करायची आणि इथं येऊन हात काळे करायचे, असं चाललंय. आज तेलाची नळी त्यानं बसवली. गोगलगायीच्या दांड्याला तेल मिळालं नाही तर ती मिनिटभरात जळेल, आणि तेल बाहेर लाल लोखंडावर आलं तर गाडी जळेल. त्याला हे दोनदा सांगितलं.

मग तपासायला गेलो. नळी बघितली, सांधा बघितला, पुढं गेलो. तो मल्लप्पाला हसून म्हणाला, "पास!" माझी ही खोड सगळ्यांना माहीत झालीय. काम चुकलं तर मी बोलतो. बघून गप्प पुढं गेलो की पास. उगाच शाबासकी द्यायला मला कोणी दिली होती?

दुपारी माझ्याच डब्यातली भाकरी खाल्ली त्यानं. पहिल्या वर्षी खाल्ली होती तेव्हा त्याच्या घरी केवढा गोंधळ झाला. त्याची आई मायाक्का गॅरेजच्या दारापर्यंत आली होती, आत आली नाही. हा दुसऱ्या दिवशी परत डब्यात हात घालून बसला.

२७ ऑगस्ट

हिंदुराव चार लोक घेऊन आले. बॉनेट उघडून दाखवलं. खांद्यावर हात ठेवून सगळ्यांदेखत म्हणाले, "दसऱ्याला गाडी वैरागला न्यायची. आन् पैल्यांदा यशवंतानंच चालवायची. पैला मान त्येचा."

हात बराच वेळ खांद्यावर होता. आज मन लावून जेवलो.

१० सप्टेंबर, रविवार

आज चालवली.

पहाट उजाडताच बाळे गावाच्या पुढं गेलो, बार्शी रस्ता. शेजारी शिवयोगी. वडाळ्यापर्यंत साधीच नेली. परत फिरताना रस्ता मोकळा बघून तिसऱ्यात दाबली. आधी काहीच नाही. एक, दोन मोजावेत एवढा वेळ. मग शिट्टी चढली आणि पाठ सीटला चिकटली! सतरा वर्षांची जुनी गाडी, पण काटा शेवटच्या आकड्यापुढं जाऊन खिळ्याला टेकला. ज्वारीची शेतं नुसती हिरवी पट्टी झाली. शिवयोगी कन्नडमध्ये काहीतरी ओरडत होता. मी पण ओरडलो बहुतेक.

ब्रेक आधीच मोठे बसवलेत ते बरं. थांबल्यावर उतरलो. रस्त्याच्या कडेला बसलो. शिवयोगी म्हणाला, "वस्ताद, तुमी रडायलाय की." म्हटलं, वाऱ्यानं.

एकेचाळीस वर्षांत माझं म्हणावं असं हे एकच. कागदावर ती हिंदुरावांची, ते ठीक आहे. पण मला माहीत आहे.

१७ सप्टेंबर

हवेच्या तोंडावर पीठ चाळायच्या चाळणीची जाळी बसवली. तोंड ग्रिलच्या मागं जेमतेम चार बोटांवर, आणि हवा मिळावी म्हणून ग्रिल तिथं कापलंय. जाळी नसेल तर एखादा खडा आत जायचा आणि पाती उडायची.

३० सप्टेंबर

दसऱ्याला मी चालवायची नाही.

हिंदुराव स्वतः आले नाहीत. मल्लप्पा बंगल्यावर गेटचं काम करायला गेला होता, त्याच्याकडं निरोप. संध्याकाळी मीच गेलो. बाहेर ओट्यावर बसवलं. कप बाजूच्या खिडकीतला, कान तुटका. तो कप वर्षानुवर्षं तिथंच असतो.

"यशवंता, तसं मनावर घिऊ नगस. पूजा हाय. आई ड्रायव्हरला ओवाळनार, कुंकू लावनार. जुनी मान्सं हायती. शिवयोगी बसू दे. नंतर तू कवाबी चालव की."

त्यांच्या आई बजाबाई आतून ऐकत होत्या. बांगड्या वाजल्या.

समजलो. न समजायला काय काल जन्मलो? इंजिनात माझे हात कोपरापर्यंत चालतात, त्याला हरकत नाही. कपाळ तेवढं चालत नाही. "बरं," म्हटलं. चहा पिऊन कप धुऊन जागेवर ठेवला. हाताला सवय आहे. तिथंच स्वतःची लाज वाटली, आणि ती अजून गेली नाही.

२ ऑक्टोबर

शिवयोगी आला. म्हणाला, "मी मालकाला सांगतो. मला जमत न्हाई म्हनतो. तुमीच बसा वस्ताद." म्हटलं, कशाला? बस की. कुंकू लावून घे. तुझ्या कपाळाचं नशीब. तो उभाच राहिला. मी गाडीखाली सरकलो आणि त्याचे पाय दारातून जाईपर्यंत खालीच पडून राहिलो.

त्याचा काय दोष? काहीच नाही. तरी आज तोच डोळ्यांत खुपतोय.

९ ऑक्टोबर

हिंदुरावांचा निरोप — दसऱ्याला होती नव्हती तेवढी ताकद पाहिजे. जाळीनं वरच्या जोराला हवा अडते हे खरं. काढली. शिवयोगीला बोलावून दाखवलं : तोंड उघडं आहे, धुळीत घालू नको, ट्रकच्या मागं राहू नको. "व्हय वस्ताद." तेवढंच बोललो त्याच्याशी.

दसरा

भीमा पांढरं पातळ नेसून विहारात निघाली. "आज आपला दिवस. तुम्ही पण चला. त्यांच्या दारात कशाला जाताय?" म्हटलं, किल्ली द्यायची आहे, येतो मागून. किल्ली हे कारण. ऐनवेळी बोलावतील असं वाटत होतं. लिहायला काय, इथं कोण वाचतंय.

गेटच्या आत भिंतीशी उभा राहिलो. चाकाखाली लिंबं ठेवली. बजाबाईंनी शिवयोगीला ओवाळलं. तो खाली बघत होता. मग नवी पेठेतून खास करून आणलेला हार आला — झेंडूचा, मनगटाएवढा जाड, जरीची झालर, आणि ताठ राहावा म्हणून मधून तार. पाहुण्यांपैकी कोणीतरी तो ग्रिलवर बांधला. बरोबर कापलेल्या जागेवर.

मी जवळ गेलो. हार बघितला. तार बघितली. मागं तोंड उघडं.

एक शब्द बोलायचा होता. हार काढा. बस.

डोक्यात आलं, आज मी कोण? ओढू दे की फुलं. बाळ्याच्या नाक्यावर खोकत बंद पडेल, चार पाहुण्यांसमोर. मग धावत येतील — यशवंता, बघ रं. मग मी सावकाश जाईन. एवढंच मनात होतं. शपथ घेऊन लिहितो, एवढंच.

पुढं गेलो. गेटबाहेर आलो.

हिंदुराव पाहुण्यांबरोबर मागच्या जीपमध्ये बसले. आपली गाडी पळताना त्यांना बाहेरून बघायची होती. गाडीत शिवयोगी एकटाच.

दुपारी मल्लप्पा आला. तो जीपमध्ये होता. गॅरेजच्या दारात बसला, पाणी मागितलं, प्यायला नाही. बाळ्याच्या पुढं मोकळा रस्ता लागला. हिंदुरावांनी हॉर्न वाजवून खूण केली, दाब म्हणून. शिट्टी चढली आणि बंदुकीसारखा आवाज. मग बॉनेटमधून धूर. गाडी त्यानं नीट कडेला घेतली, उतरला. "पळाला असता तर कायबी झालं नसतं," मल्लप्पा म्हणाला. "बॉनेट उगडाय गेला. 'वस्तादांचं काम जळतंय' म्हनत व्हता. दोन्ही हातानं उगडला."

दोन्ही हात. कोपरापर्यंत.

दुसरा दिवस

सांगाडा बघायला गेलो. कळत होतंच, तरी गोगलगाय उघडली. तार दांड्याला घट्ट गुंडाळलेली. पाती उडालेली, दांडा वाकडा, तिथून तेल लाल लोखंडावर. मी दोनदा सांगितलं होतं तसंच झालं.

हिंदुराव आले. "तुज्या कामातच कायतरी खोट ऱ्हायली म्हनायची." तोपर्यंत तार माझ्या खिशात गेली होती. ती दाखवली असती तर ते पुढं विचारणार — मग हार तुला दिसला न्हवता व्हय? म्हटलं, हो, राहिली असेल खोट.

त्यांना बरं वाटलं. मलाही सुटल्यासारखं वाटलं. काय माणूस आहे मी!

१४ ऑक्टोबर

दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेलो. मायाक्का बाहेर बसली होती. परत आलो.

१५ ऑक्टोबर

परत फाटकापर्यंतच.

१७ ऑक्टोबर

भीमाला सांगितलं. सगळं. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. मग म्हणाली, "त्यांनी तुमचं कपाळ नाकारलं. तुम्ही पोराचे हात घेतले."

डॉक्टर मल्लप्पाला म्हणाले, बोटं मिटतील असं वाटत नाही. पाना धरणं विसरा.

२० ऑक्टोबर

आज आत गेलो. सांगायचं ठरवूनच गेलो. मायाक्का उठली आणि तिची जागा मला दिली. शिवयोगीचे दोन्ही हात कापसात, म्हणून मोसंबं सोलून फोडी मीच भरवत होतो. तोंड उघडणार तोच तो म्हणाला, "वस्ताद, माजीच चूक. हार मला दिसला होता. वडून घेईल काय म्हनून उतरनार होतो. मग तुमी आला. हार बघितला, गप पुडं गेला. म्हटलं, पास हाय."

मी पुढची फोड सोलली. त्यानं ती खाल्ली.