आगाऊ बुकिंग, तीस तारखेपर्यंत

कारंजा (घाडगे),
८ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप ताईस,
घनश्यामचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या चिरंजीवांनी मागच्या रविवारी मला एक सल्ला फुकट दिला. त्याचा खर्च आज बसून काढला. गोपिकेच्या हातचा पाटोडी रस्सा, दोनदा वाढून, दीडशे. पेट्रोलला दोनशे, कारण साहेबांचं पाकीट नागपूरला खोलीवर राहिलं होतं. खोलीतल्या दोस्तांसाठी दोन डझन संत्री, एकशे साठ. माझं दुपारभराचं टायपिंग बुडालं ते निदान तीनशेचं. झाले आठशे दहा. सल्ला एका ओळीचा होता : मामा, बुक करून टाका.

बुक काय करायचं, तर कॉम्प्युटरची नवी ऑपरेटिंग सिस्टीम. ती पंधरा डिसेंबरला बाजारात येते आहे. तीस नोव्हेंबरच्या आत आगाऊ पैसे भरले तर चार हजार दोनशे, नंतर दुप्पट. भरलेले पैसे परत नाहीत. रजतनं अर्धा तास मला तिचे रंग सांगितले. खिडक्यांचे कोपरे आता गोल झालेत म्हणे. मी म्हटलं, भाचेबुवा, जन्माच्या आंधळ्याले गोल काय अन् चौकोनी काय, ते बोलून राह्यली का तेवढं सांग. त्यावर साहेब संत्रं सोलायला लागले. मला सालीचा आवाज आला.

आता घोर लागला आहे तो सांगतो. वर्ध्याच्या ज्या संस्थेच्या बैठकांची आणि ग्रामसभांची रेकॉर्डिंग ऐकून मी टाइप करून देतो, त्यांनी कळवलंय की जानेवारीपासून सगळं त्यांच्या नव्या प्रोग्राममधून येईल. तो माझ्या जुन्या सिस्टीमवर उघडत नाही. तीस तारखेच्या आत अडचण कळवली तर मला तीन महिने जुन्या पद्धतीनं काम देतील, पण निम्मंच. बाकीचं नागपूरच्या एका मुलाकडे जाईल. आणि एकदा गेलेलं काम परत येतं हे मी तरी पाहिलेलं नाही. माझा टेलिफोनचा बूथ गेला तेव्हा अठ्ठेचाळीस दिवस बिनकामाचा बसलो होतो. अडतिसाव्या वर्षी कीबोर्ड शिकलो तो परत तसं बसायला नाही.

दुसऱ्या बाजूनं, सिस्टीम घेतली आणि माझा स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्राम तिच्यावर चाललाच नाही, तर? सहा वर्षांमागं सिस्टीम बदलली तेव्हा कॉम्प्युटर अकरा दिवस मुका होता, हे तुला माहीत आहेच. वाचून दाखवायला तूच आली होतीस. गोपिका त्या प्रोग्रामातल्या बाईला आपली सवत म्हणते. पण सवत अकरा दिवस गप्प होती तेव्हा सगळ्यात जास्त हाल तिचेच झाले.

तू काय म्हणतेस ते लिही. फोन करू नको. फोनवर तू ऐकतेस कमी. तुझं पत्र मशीन मला वाचून दाखवतं आणि मला वाटेल तिथं थांबवता येतं, ही सोय तुझ्या बाबतीत लहानपणी नव्हती.

माया आहे तेवढी असू दे. वाढवलीस तर ठेवायला जागा करतो.

तुझा,
घनश्याम


पिपरी मेघे,
११ नोव्हेंबर २०२५

चि. घनश्याम यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. सौ. गोपिकेसही सांगणे.

पत्र मिळाले. रजतला हिशेब वाचून दाखवला. त्याचे म्हणणे असे की रस्सा तीनदा वाढला होता, मामींनी एक वाढप लपवले आहे.

लहानपणी थांबवायची सोय नव्हती म्हणतोस? तुझी बी.ए.ची पुस्तके मी तीन वर्षे मोठ्याने वाचली. मी जांभई दाबली तरी तुला कळायची आणि तू ओळ पुन्हा वाचायला लावायचास. वेग वाढव, वेग वाढव म्हणून माझा घसा बसवलास. आता त्या बाईला इतक्या वेगाने बोलायला लावतोस की मला वाटते कोणी डब्यात फुटाणे हलवते आहे. तिला पगार नाही म्हणून बरे.

तुझ्या प्रश्नाबद्दल. रजत मुलगा हुशार आहे, पण त्याला नव्या वस्तूचा मोह आहे. शेजारच्या प्रभाकररावांनाही त्याने हेच बुक करायला सांगितले, आणि त्यांच्या घरी कॉम्प्युटर नाही. तेव्हा त्याच्या जिभेवर जाऊ नकोस, स्वतःच्या कानावर जा. नागपूरला बर्डीवर ज्या दुकानात बुकिंग चालू आहे तिथे नवी सिस्टीम लोकांना हाताळायला ठेवली आहे असे तोच सांगत होता. जा, बस तिच्यासमोर, तुझा वाचणारा प्रोग्राम तिच्यावर टाकून बघ आणि मग ठरव. आम्ही बांगडीसुद्धा हातात चढवून घेतो, तू चार हजारांची वस्तू न ऐकता कशी घेशील?

आणि एक. समज, मुकी निघालीच, तर मी आहे. अकरा दिवस काय, महिनाभर येऊन वाचीन. गुडघे दुखतात, घसा अजून दुखत नाही.

लोभाची आठवण तुला करून द्यावी लागत नाही, म्हणून लिहीत नाही.

तुझी,
कौशल्याताई


कारंजा (घाडगे),
१८ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप ताईस,
सा. न. वि. वि.

काल नागपूरला जाऊन सिस्टीम पाहून आलो. प्रवास बरा झाला. एस.टी.त मागच्या बाकावर दोघं सोयाबीनच्या भावावरून भांडत होते. कोंढाळीपर्यंत मला दोघांच्या घरची शेती, सोयरीक आणि कोणाच्या छातीत कफ आहे ते कळलं होतं.

दुकानात शिरलो तर विकणारा पोरगा गोपिकेला विचारतो, मॅडम, सरांना काय दाखवू? गोपिका म्हणे, त्याइलेच विचार ना बाबू, ते बहिरे नाईत. पोरगा इतका वरमला की पुढं मला ‘सर’ म्हणताना दर वेळी थोडा वाकत होता. आवाज खाली जायचा, त्यावरून समजलं.

प्रोग्राम सोबत पेनड्राइव्हवर नेला होता. पोरानं टाकू दिला, आवाज फळीवरच्या स्पीकरवर सोडला. आणि ताई, चालला! पहिल्या झटक्यात. मराठीही गोड, जुन्यापेक्षा गोड. गोपिकेनं जाहीर केलं की ही सवत जुनीपेक्षा बऱ्या घरची दिसते. माझा हात खिशाकडे गेला होता.

पण मग टाइप करायला लागलो. बटन दाबलं की आवाज यायला उशीर. उशीर म्हणजे केवढा, तर डोळा लवतो म्हणतात तेवढा. डोळसांना तो कळणारसुद्धा नाही, त्यांची अक्षरं समोर उमटलेली असतात. मला मात्र बोट पुढं जातं आणि आवाज मागं राहतो, जसं वरातीत बँडवाले पुढं अन् नवरदेव मागं. शिवाय प्रत्येक शब्दाचं तोंड कापलेलं. ‘ग्रामसभा’ टाइप केलं तर ‘मसभा’ ऐकू येई. अशानं दिवसाची वीस पानं काय, पाच व्हायची नाहीत. मी पन्नास वेळा दाबून पाहिलं, पन्नासही वेळा तेच.

पोरगा म्हणाला, सर, आम्हाला तर काही जाणवत नाही. मग मी त्याला सांगितलं, आणि थोडं मोठ्यानंच सांगितलं, की बाबू, हा कान पंधरा वर्षं टेलिफोनवर घासलेला आहे, नुसत्या श्वासावरून मी सांगत असे की माणूस अमरावतीहून बोलतो का अकोल्याहून. तुमच्या कंपनीच्या इंजिनिअरांना दोन-दोन डोळे आहेत हीच त्यांची अडचण आहे. हा दोष सापडायला माझा कान लागला. दुकानात पाच-सहा जण गोळा झाले होते. एका काकांनी तिथल्या तिथं बुकिंग न करण्याचं ठरवलं आणि मला चहा पाजला.

घरी आल्यावर आमच्या ग्रुपवर लिहिलं. विदर्भातले आम्ही सव्वादोनशे आंधळे त्यात आहोत, कोणी बँकेत, कोणी शाळेत, कोणी माझ्यासारखे टायपिंगवाले. खुलासेवार लिहिलं की नवी सिस्टीम बोलते पण उशिरा बोलते, कोणीही आगाऊ पैसे भरू नयेत. सकाळपर्यंत एकसष्ट जणांचे आभार आले. नालवाडीच्या लहानूनं तर लिहिलं की घनश्यामभाऊ, तुम्ही आमचे डोळे आहात. आंधळ्याला ही उपमा प्रथमच मिळाली असेल.

संस्थेला कळवायचं पत्र टाइप करून ठेवलंय, की तीन महिने निम्मं काम चालेल. अजून पाठवलं नाही. संध्याकाळी पोळ्या लाटताना गोपिकेचं बेलणं जरा जोरात फिरत होतं.

तू येऊन वाचीन म्हणालीस. पाहुणी म्हणून ये, वांगी चांगली आली आहेत, भरीत करू. कामाला नको. एवढं एक मी कमावलं आहे, ताई. ते ठेवू दे.

आशीर्वाद दुरून दिलास तरी वाटेत कमी होत नाही, म्हणून मागतो.

तुझा,
घनश्याम


पिपरी मेघे,
२३ नोव्हेंबर २०२५

चि. घनश्याम यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून अभिमान वाटला. कॉलनीतल्या चार घरी वाचून दाखवले. प्रभाकररावांनी बुकिंग रद्द करतो म्हटले; त्यांना आठवण करून दिली की तुम्ही केलेले नाही.

‘कामाला नको’ हे वाक्य मी दोनदा वाचले. बरे. येईन तेव्हा हात हलवत येईन आणि तुझी वांगी संपवून जाईन.

पण आता माझ्यातली मास्तरीण बोलते, राग मानू नकोस. रजत काल आला होता. त्याच्या ऑफिसात ही सिस्टीम तपासणीसाठी आली आहे, आणि तिथे त्यांच्यातल्या एका दृष्टिहीन मुलीने ती आठ दिवस वापरली. तिला उशीर जाणवला नाही. रजतला मी म्हटले, तुझ्या मामाच्या कानाबद्दल शंका घेशील तर जेवायला मिळणार नाही. तो म्हणाला, शंका कानाची नाही, मामांनी एकदाच आणि एकाच ठिकाणी ऐकले आहे, एवढेच.

मलाही तेच वाटते. चौतीस वर्षांत मी एका पेपरावरून पोराला नापास केले नाही. मी डोळे तपासायला जाते तेव्हा अक्षरे वाचायला माझा चष्मा नेते, डॉक्टरांचा घालत नाही. तू घरी ज्या हेडफोनवर काम करतोस तो नेला होतास का? पत्रात लिहिलेले नाही.

आणि आता हा तुझ्या एकट्याच्या चार हजारांचा प्रश्न राहिलेला नाही. तुझ्या शब्दावर सव्वादोनशे लोक थांबले आहेत, आणि त्यांनाही भाव तीस तारखेनंतर दुप्पटच पडेल. संस्थेचे पत्र पाठवू नकोस. पुन्हा एकदा जा. काही निघाले नाही तर एस.टी.चे भाडे मी देईन, आणि चार घरी पुन्हा फिरून तुझी कीर्ती सांगेन.

गोपिकेला म्हणावे, बेलणे जपून वापर.

माझी माया मोजून पाहू नकोस. तुझ्या हिशेबात बसायची नाही.

तुझी,
कौशल्याताई


कारंजा (घाडगे),
३० नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप ताईस,
सा. न. वि. वि.

सिस्टीम बुक केली. काल दुपारी, चार हजार दोनशे रोख. पावती गोपिकेच्या पर्समध्ये आहे. तिनं ती परतीच्या बसमध्ये दोनदा काढून पाहिली, कागद वाजला.

तुझं पत्र आल्यावर चार दिवस मी रागावलो होतो हे कबूल करतो. आठ दिवस वापरणारी ती मुलगी मनाला जास्त लागली. पण मग वाटलं, लहानू आणि बाकीचे माझ्या एका चहाच्या भाषणावर बसले आहेत, आणि त्यातल्या दोघातिघांची नोकरी माझ्यासारखीच टांगलेली आहे. तेव्हा शुक्रवारी रात्री हेडफोन पिशवीत टाकला. तोच, जुना, वायरीचा, ज्याच्या कानाला गोपिकेनं दोनदा कापड शिवलंय.

दुकानात पोरगा तोच होता. मला ओळखून आधीच वाकला. मी हेडफोन लावला आणि टाइप करायला लागलो. ताई, बोट आणि आवाज एकत्र! बटन अर्धं दाबलं की अक्षर कानात. ‘ग्रामसभा’ पूर्ण, तोंडासकट. वेग वाढवत गेलो, फुटाण्यांच्याही पुढं गेलो, तरी ती बाई मागं राहिली नाही. माझ्या जुन्या मशीनवर एवढं कधी जमलं नव्हतं. पाऊण तास मी उठलोच नाही. मागं रांग लागली असावी, कारण खोकले वाढत गेले. शेवटी गोपिकेनं खांद्याला हात लावून सांगितलं की चला जी, नवीन नवरीजवळही लोक एवढा वेळ बसत नाहीत.

उशीर कशाचा होता ते मी पोराला विचारलं आणि त्यानं सांगितलं. बाहेर येऊन बाकावर बसलो, आणि तिथूनच मोबाईलवरून ग्रुपवर लिहिलं की माझी चूक झाली, सिस्टीम चांगली आहे, ज्यांना घ्यायची त्यांनी उद्यापर्यंत घ्यावी. आज संध्याकाळपर्यंत एकोणीस जणांनी बुक केली. लहानूनंही केली. डोळे वगैरे काही लिहिलं नाही या वेळी, अंगठा पाठवला. ज्या काकांनी चहा पाजला होता त्यांचा मात्र पत्ता नाही. पोराजवळ माझा नंबर ठेवून आलो आहे, आले तर सांग म्हणून.

संस्थेला जानेवारीपासून पूर्ण काम घेतो असं सकाळी कळवलं. त्यांचं उत्तरही आलं, रविवार असून. पहिलं रेकॉर्डिंग आठ तासांचं आहे. गोपिका खूश आहे. आज पोळ्या पातळ झाल्या होत्या.

रजतला सांग, मामा आठशे दहा रुपये माफ करतो. वाढप किती झालं त्याचा वाद मामीशी त्यानं स्वतः घालावा. आणि ऑफिसातल्या त्या मुलीला माझा नमस्कार सांगायला लाव. तिची ओळख झाली तर मला पुढं विचारायला एक माणूस होईल.

तू वांग्यांसाठी कधी येतेस ते कळव. आशीर्वाद चालू ठेव. त्याला आगाऊ बुकिंग लागत नाही हे एक बरं आहे.

तुझा,
घनश्याम

ता. क. – उशीर कशाचा, ते वर लिहायचं टाळलं. तू विचारशीलच, म्हणून लिहितो. सिस्टीमचा दोष नव्हता. दुकानात फळीवर ठेवलेला स्पीकर बिनतारी होता. त्यात आवाज जरा उशिरानंच पोचतो आणि पहिलं अक्षर गिळलं जातं. गाणी ऐकताना ते कळत नाही. तसलाच एक स्पीकर दोन वर्षांपासून आमच्या स्वयंपाकघरात आहे. मीच आणलेला आहे.