जाओ नक्को

आत्या, माझा जिच्यावर जीव आहे ती काल दुपारी दवाखान्याच्या सायकल स्टँडवर म्हणाली, "माझं मिलिट्री नर्सिंगला झालं. उद्या निघते," आणि तिथंच माझं सगळं उलटंपालटं झालं. मी काय काय बोललो ते तुला सांगायची लाज वाटते. तिला म्हणालो, "तुझ्यासाठी कॉलेज अर्धवट सोडलं, एमआयडीसीत तापलेल्या सळया ओढून राह्यलो, अन् तू चालली?" तर म्हणते, "सोड म्हणून मी म्हणलं होतं का? मंग?" त्या 'मंग'नं डोकं फिरलं. तिच्या ओरिजिनल सर्टिफिकेटांची फाईल मी धरून उभा होतो. ती घेऊन गाडीला किक मारली, फोन बंद केला अन् शहागडला तुझ्या बंद घरी आलो. फाईल आता तुझ्या स्वयंपाकघरात, पोळपाटावर पडलीय. तिची रेल्वे आज जालन्याहून साडेचारला. फाईल न्हाई तर तिकडं तिला दारातूनच परत पाठवतील.

तू देवाघरी गेलीस तेव्हा मी नऊ वर्षांचा. पपांची आत्या, म्हणून सगळ्या घराचीच आत्या. हायवेवर ट्रक उलटला की लोक आधी तुझ्याकडं पळत यायचे, म्हणून याच ओट्यावर जुन्या धोतराच्या पट्ट्या कायम उकळत असायच्या. वाळल्या की तू मांडीवर गुंडाळतेस, मी शेजारी बसून गुंडाळतो. "गाढवा, ही पट्टी हाय का गोधडी? उकल पुन्हा." मी उकलतो, आणि तू सांगत राहतेस. एकाहत्तरच्या लढाईत नर्स म्हणून आपणहून नाव दिलेलं, सरहद्दीजवळचं हॉस्पिटल, रक्तानं नाड्या आवळलेले बूट, जे कात्रीनं कापावे लागायचे. तुझी हिंदी आपल्या इकडची, 'मत'च्या जागी 'नक्को' म्हणणारी. सुई देताना तू म्हणालीस, "हिलो नक्को," आणि सगळा वॉर्ड हसला. दुसऱ्या दिवसापासून ते पंजाबी, डोगरे जवान तुला बघितलं की ओरडायचे, "सिस्टर, सुई नक्को!"

एकदा मी विचारलं, सगळ्यात चांगला पेशंट कोण? तुझा हात थांबला. पोटात गोळी लागलेला एक जण होता, मिशीसुद्धा नीट फुटली नव्हती. त्यानं तुझं मनगट धरलं आणि म्हणाला, "सिस्टर, जाओ नक्को." बाहेर जखमींची गाडी येऊन लागलेली. तू त्याची बोटं एकेक करून सोडवलीस अन् गेलीस. परत आलीस तर खाटेवर धुतलेली चादर.

"मंग थांबायचं ना!" मी रडकुंडीला आलो होतो.

"थांबले असते तर बाहेरचे गेले असते, बाळा. त्याचं काई चुकलं न्हाई. माझंबी न्हाई." आणि तू पट्टी पुन्हा पहिल्यापासून गुंडाळायला घेतलीस, कारण ती सैल झाली होती.

काल मीही तेच म्हणालो, आत्या. जाऊ नको. फरक एवढाच की मला कुठं गोळी लागली नव्हती. तिनं फाईल ओढली न्हाई, भांडली न्हाई, नुसती माझ्या बोटांकडं बघत राहिली. आपल्या हातानं सोडायचं असतं, हे मला तेव्हा सुचलं न्हाई.

आत्ता फोन चालू केला. रात्रभराचे मिस्ड कॉल, आणि शेवटी तिचा मेसेज: "जल्दी ये. पण गाडी हळू चालव, येड्या."

हा कागद तुझ्या पट्ट्यांच्या डब्यात ठेवतोय. एक कबूल करतो, रागावू नको. फाईलमधल्या पाकिटातला तिचा एक पासपोर्ट फोटो मी खिशात घातलाय. बाकी सगळं बराबर आहे, बघून घेतलं. फाईल शर्टाच्या आत घेतली. निघालो, बाहेरून कडी लावतो.