पिकअपची डावी बाजू

११ जानेवारी, शनिवार

ठरलं एकदाचं! घर विकायचं, ट्रेलरमध्ये राहायचं आणि तो ओढायला पिकअप घ्यायची. पद्माकर म्हणाला, "मंजिरी, तेहतीस वर्षं लेस्टरमध्ये एका जागी बसलो. आता चाकांवर राहू." नवरा चौसष्टाव्या वर्षी असं बोलायला लागला की समजावं, यूट्यूब फार झालं.

ट्रेलर सप्टेंबरमध्येच घेऊन ठेवलाय. मला विचारून — म्हणजे पैसे भरल्यावर विचारून. मेल्टनजवळच्या एका यार्डात उभा आहे. साधा कॅरव्हॅन नाही, फिफ्थ-व्हील. गाडीच्या मागे अडकवायचा नाही. त्याचं नाक पिकअपच्या हौद्यात, मागच्या चाकांच्या वर टेकतं. सामान भरलं की साडेतीन टन! त्यातले सहाशे किलो पिकअपच्या पाठीवर. "ओढायची ताकद सगळे विचारतात, पाठीवर किती पेलेल ते कोणी विचारत नाही," म्हणतो. टूलरूममध्ये आयुष्य गेलं, पोळीसुद्धा मायक्रोमीटरने मोजेल. वजनांची वेगळी वही केली आहे.

मंगळवारी डोळे तपासायला जाणार. टेस्ट ड्राइव्हच्या आधी नवा चष्मा हवा म्हणे. माझं एवढं तरी ऐकलं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. गूळ जरा जास्त झाला, लाडू दगड झाले. चष्मा केला नाही. "नंबर तोच आहे." मग दीड तास कुठे होतास? "गर्दी होती." मंगळवारी सकाळी चष्म्याच्या दुकानात कसली गर्दी?

२६ जानेवारी, रविवार

तीन पिकअप यादीत. नावं माझ्या लक्षात राहत नाहीत म्हणून मी रंगांनी ओळखते. चंदेरी — दिसायला नवरदेव, पण आतल्या थाटामाटानेच इतकी जड की पाठीवर पेलायला काही उरत नाही. निळी — साधी, गिअरची, पाठीवर अकराशे किलो आरामात. काळी — ऑटोमॅटिक, सतत बीप बीप करणारी, वजनात जेमतेम बसणारी.

पंधरा दिवसांपूर्वी निळीच्या प्रेमात होता. "ही बैल आहे, बैल!" आज निळीचं नावही नाही. काळी हवी. मी म्हटलं, तुझ्याच वहीत लिहिलंय ना, आपण दोघं, ट्रेलर जोडायचा हिच, डिझेल आणि ट्रेलरचं नाक मिळून काळीला फक्त साठ किलो उरतात? तर म्हणाला, "तिला लेन वॉर्निंग आहे. बाजूने काही आलं की सांगते."

ज्या माणसाने ऑटोमॅटिकला जन्मभर "बायकी गाडी" म्हटलं, तो! मला राग आला.

५ फेब्रुवारी, बुधवार

जेवताना भांडण. "चटणी वाढली नाहीस?" अरे, समोर काय आहे मग! बघितलं, खाल्ली. मग उगाच म्हणाला, दिवा मंद आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

घराला गिऱ्हाईक मिळालं. ताबा २५ एप्रिलला द्यायचा. सही केली आणि नंतर जिन्यावर बसून रडले. या जिन्यावर ऋजुता चालायला शिकली.

तिला ग्लासगोला फोन केला. "आई, बाबाचा प्लॅन मला खूप स्केअरी वाटते. तो इतका मोठा गाडी कसा चालवणार?" तीस वर्षांची झाली तरी गाडी "मोठा"च. नेहमी मी चिडवते. आज नाही चिडवलं. मागून तनूचा आवाज — आजी, घर कधी येणार? तिला वाटतं आम्ही घर ओढत आणणार. तसं खरंच आहे.

८ मार्च, शनिवार

काळीची टेस्ट ड्राइव्ह. मी पुढे, सेल्समन मागे. नार्बरो रोडवर उभ्या व्हॅनचा आरसा उडाला. आमचा डावा, त्यांचा उजवा. फाट् करून! पद्माकर थांबलाच नाही. त्याला आवाज कुठून आला तेच कळलं नव्हतं. सेल्समन म्हणाला, "हॅपन्स, पिकअप रुंद असते." पण आतल्या आरशात सेल्समनचं तोंड पांढरं दिसलं.

चिठ्ठी लिहून व्हॅनवर लावायला मीच परत गेले. घरी येऊन म्हटलं, निळी घे, ती अरुंद आहे. "निळी आता मिळत नाही, एप्रिलअखेर येईल. काळी पाडव्याला हातात देतात." मुहूर्त! जो माणूस देवाला नमस्कार करताना फोन बघतो, त्याला पाडव्याचा मुहूर्त हवा. मीही म्हटलं, बरं. पाडव्याला गाडी घरी आली तर कुठल्या बाईला वाईट वाटेल?

३० मार्च, रविवार. पाडवा

आजच घड्याळं एक तास पुढे. सगळी धावपळ. दहाला शोरूम. इथले लोक भलताच अर्थ घेतील म्हणून बॉनेटवर स्वस्तिक नाही काढलं, नुसती कुंकवाची पाच बोटं. चाकांखाली लिंबं. सेल्समनने विचारलं, लिंबं कशाला? पद्माकर म्हणाला, "ज्यूस." हसलो तिघंही.

घरी गुढी, श्रीखंड-पुरी. स्टीलची मोठी ताटं काढली, या घरातला शेवटचा सण म्हणून. पान रीतसर वाढलं — डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, काकडीची कोशिंबीर. उजवीकडे बटाट्याची भाजी, आमटी. जेवून उठायला लागला तर ताटाची उजवी बाजू स्वच्छ आणि डावी जशीच्या तशी. कोशिंबिरीला हात नाही. काकडीवर जीव टाकणारा माणूस!

"कोशिंबीर का टाकलीस?"

"केली होतीस?"

मी ताट धरलं आणि अर्धं फिरवलं. डावी बाजू उजवीकडे आली.

"अरे वा," म्हणाला आणि खायला लागला. मग त्याचा हात थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं. म्हणजे आधी मान वळवली, मग बघितलं. हल्ली तो असंच बघतो, पूर्ण मान वळवून. किती दिवस मी ते बघत होते आणि बघत नव्हते!

३१ मार्च, सोमवार

तो यार्डात गेला — म्हणजे त्याला पोचवायला पलीकडचा उदय गेला, मीच पाठवलं. मग मी वजनांची वही उघडली. तिच्या मागच्या कप्प्यात चष्म्याच्या दुकानाचं पत्र. १४ जानेवारी. दोन्ही डोळ्यांनी डावीकडचं निम्मं दिसत नाही. डोळ्यांचं दुखणं नसावं, मेंदूचं असावं. बहुधा छोटा स्ट्रोक. ताबडतोब डॉक्टरांकडे जावे. गाडी चालवू नये. डीव्हीएलएला, म्हणजे लायसन्सच्या ऑफिसला, कळवणे तुमच्यावर बंधनकारक आहे.

अडीच महिने! संक्रांतीला माझ्या हातचा लाडू खाल्ला तेव्हा हे खिशात होतं.

संध्याकाळी पत्र टेबलावर ठेवलं. आधी ओरडला — माझी वही का उघडलीस. मग मी ओरडले, जास्त मोठ्याने. मग तो रडला. मी त्याला सासूबाई गेल्या तेव्हाच रडताना पाहिलंय. "डॉक्टरकडे गेलो असतो तर लायसन्स गेलं असतं. घर विकलं गेलंय, मंजू. ट्रेलर ओढणार कोण? एकदा फिरू दे. एकदा तनूच्या दारात नेऊन उभा करू दे."

मी हॉस्पिटलच्या फार्मसीत अठ्ठावीस वर्षं काढली. एकाने औषध भरायचं, दुसऱ्याने तपासायचं. दुसऱ्या सहीशिवाय गोळीसुद्धा बाहेर जात नाही. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. मला सगळं कळतं.

३ एप्रिल, गुरुवार

डॉक्टर झाले. गोळ्या सुरू. स्कॅनची तारीख यायची आहे. गाडी चालवता का, असं त्यांनी विचारलं. पद्माकर म्हणाला, "बायको चालवते." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.

लाज वाटते लिहायला. तरी लिहिते, दुसरं कोणाला सांगू?

६ एप्रिल, रविवार

तोडगा काढलाय. मी त्याची डावी बाजू. पिकअपमध्ये मी डावीकडेच बसते ना! तो विचारणार, "डावं मोकळं?" मी बघून सांगणार, "मोकळं." किंवा "थांब." मी मोकळं म्हटल्याशिवाय तो स्टिअरिंग डावीकडे वळवणार नाही. तनूची शपथ घातली.

आणि फक्त ग्लासगोपर्यंत. पुढचं मी चालवणार. लायसन्स आहेच, पण बावीस वर्षांत बेलग्रेव्ह रोडच्या पलीकडे मी गाडी नेलेली नाही. मोटरवेचं नाव काढलं तरी तळहाताला घाम येतो. १२ मेला ट्रेलर ओढायच्या ट्रेनिंगला नाव घातलंय. त्याआधी तारीख नाही. ताबा २५ला. मधल्या दिवसांत यार्डात राहू देत नाहीत, विचारून पाहिलं. ऋजुताच्या दारात जागा आहे.

उदयला सांगावं का? तो नेईल ओढून. पण मग कारण सांगावं लागेल. पद्माकर म्हणाला, "त्याला कळलं की अख्ख्या मंडळाला कळेल."

१२ एप्रिल, शनिवार

यार्डापासून मेल्टनपर्यंत ट्रेलर जोडून सराव. मागचं टोक थोडं दबतं, स्टिअरिंग हलकं लागतं म्हणाला. साठच किलो उरतात, म्हणत होते ना मी! मी पाटा-वरवंटा, पितळी डबे, सगळी पुस्तकं काढून टाकली.

काळीचा तो बीप — ट्रेलर जोडला की कुत्रं मागे लागल्यासारखा वाजत राहतो, त्याला ट्रेलरच शत्रू वाटतो. डोकं उठलं. बंद केला. ज्याच्यासाठी काळी घेतली तोच बंद!

पण आमचं जमतं. "डावं मोकळं?" "मोकळं." "डावं मोकळं?" "सायकल आहे, थांब." थांबला. सायकलवाल्याने हात केला. मला उगाच अभिमान वाटला. संसारात एवढं एकमेकांचं ऐकलं असतं तर!

रात्रभर मात्र झोप नाही. सायकलवाला सारखा डोळ्यांपुढे.

२५ एप्रिल, शुक्रवार

किल्ल्या दिल्या.

२८ एप्रिल, सोमवार. गाडीतून

तीन रात्री हॉटेलात काढून आज पहाटे पाचला निघालो. बर्मिंगहॅमच्या रस्त्यांचं ते जंजाळ पार केलं तेव्हा माझा ब्लाउज घामाने भिजला होता. किती वेळा "डावं मोकळं?" झालं देव जाणे. घसा सुकला. एकदाही चुकलो नाही. एकदाही!

लँकेस्टरच्या पुढे चहा घेतला, थर्मासमधला, ट्रेलरच्या पायरीवर बसून. ऋजुताने रवा-लाडू सांगितलेत, ते मागे फ्रिजवर. पद्माकर म्हणाला, "बघ, माझं स्वप्न पुरं केलंस." मी म्हटलं, स्वप्न बिप्न नंतर, आधी पोच. पण बरं वाटलं. बऱ्याच महिन्यांनी.

आता टेबे गावाच्या पुढे आहोत. चढ आहे, गाडी हळू आहे, म्हणून वही लिहायला घेतली, त्यानेच सांगितलं, "लिही, डावीकडे फक्त मेंढ्या आहेत." आहेतच. कोकरंसुद्धा, इवली इवली, काळ्या तोंडांची. ऊन किती लख्ख पडलंय! रस्ता जवळजवळ मोकळा, पुढे एकच लॉरी रांगत होती, तिला ओलांडतोय. तनूचा फोन आला होता — आजी, घर कुठपर्यंत आलं? मी म्हटलं, डोंगरात आलं. ती म्हणाली, मग हळू आण, घर पडेल. पोरगी कुठून आणते असं बोलणं! तिच्यासाठी फ्रॉक विणलाय पिवळा, बाह्या जरा लांब झाल्या वाटतं, तिथे गेल्यावर बघू. तिच्या दारात ट्रेलर लागला की आधी पहिला चहा करायचा, मग सगळं सांगायचं ऋजुताला, सगळं, चिडली तरी. आणि १२ तारखेपासून मी. भीती वाटते तरी मीच. पद्माकर काहीतरी विचारतोय, हं म्हटलं

३० एप्रिल, बुधवार

कार्लाइल, हॉस्पिटलमधून. पद्माकरच्या कपाळाला टाके. मला काही झालं नाही.

आमच्या डावीकडे जी लाल गाडी होती, तिच्यातली मुलगी आज पहाटे गेली. तेवीस वर्षांची.

पद्माकरने पोलिसांना सांगितलं, चूक माझी, बायको झोपली होती. पोलीसबाई दुपारी परत येणार आहे. ही वही तिच्या हातात देणार. मराठी वाचणारं कोणी शोधायला नको. परवाची शेवटची ओळ मीच तिला इंग्रजीत सांगेन. डावं मोकळं का, असं त्याने विचारलं होतं. मी लिहीत होते. मान वर न करता हं म्हटलं.