छाती चौतीस इंच

सांडोर, वसई
१७ जानेवारी १९५४

प्रिय फेबियन,

पार्सल पोचलं. सूट धुऊन, इस्त्री करून पाठवलास, घडीही नीट घातली होतीस. सोबतची दोन ओळींची चिठ्ठी वाचली. लोणावळ्याला गेल्यामुळे उशीर झाला, आता तसाही तो तुझ्या अंगाला होत नाही, मास्तरांना नमस्कार सांग. नमस्कार त्याच संध्याकाळी बाबांना पोचवला. ते काही बोलले नाहीत. का, ते पुढे लिहिते.

तुझ्या मुलाखतीच्या आधीचा तो रविवार आठवतो का? फोर्टातल्या विमा कंपनीचं बोलावणं आलं आणि तुझी आई, कॅथरिनमावशी, गावभर सूट मागत फिरली. आमच्या ओसरीवरच्या बाकावर तीन सूट मांडले होते. डॉक्टरांचा पांढरा घातलास तेव्हा तू बँडवाल्यांतला वाटत होतास. आगबोटीवरच्या तुझ्या मामाचा निळा, रेघारेघांचा घातलास तेव्हा नोकरी मागायला नव्हे, कुणाची तरी बायको पळवायला निघाल्यासारखा दिसलास. तिसरा बाबांचा, काळा, लोकरीचा, लग्नातला. तो मीच पेटीतून काढून आणला. तू मागितला नव्हतास. हे तुझ्या बाजूने आधीच लिहून ठेवते, कारण पुढे तुझ्या बाजूने लिहिण्यासारखं फारसं नाही.

आपल्याकडे पुरुषाचा लग्नातला सूट कशासाठी जपतात, हे तुला ठाऊक होतं. शवपेटीत त्याच्या अंगावर तोच घालतात. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांची होते. बाबा म्हणायचे, वर भेटेल तेव्हा हा टकल्या म्हातारा तिला ओळखू यायचा नाही, पण सूट ओळखेल. चेष्टेतच म्हणायचे. पण दर नोव्हेंबरात मृतांच्या सणाला तो उन्हात घालायचे, ब्रशने झाडायचे आणि नव्या डांबराच्या गोळ्या घालून परत ठेवायचे. तीस वर्षं त्यांनी हे केलं.

आपलं ठरलेलं होतं. नोकरी लागली की गावाला सांगायचं होतं. जावयालाच द्यायचा आहे, या भरवशावर मी सूट काढला. बाबांची छाती तेव्हा बेचाळीस इंच आणि तुझी चौतीस. लुईस शिंप्याने जादा कापड आत दुमडून टाचलं, म्हणजे पुढे उसवता येईल. तो घालून तू वळलास तर पाठीला उशी बांधल्यासारखं दिसत होतं. साहेबासमोर असा कसा जाईल, म्हणून मी म्हटलं, कापा. लुईसने बाबांकडे पाहिलं. 'मास्तर, कातर एकदा लागली की कापड वाढत नाय,' म्हणाला. मी म्हटलं, बाबा, तुम्हाला अजून वीस वर्षं काही होत नाही, तोवर फेबियनच तुम्हाला नवा शिवून देईल. तू मान डोलावलीस. बाबा हसून हो म्हणाले. मला नाही म्हणणं त्यांना कधी जमलंच नाही.

नोकरी लागली. पहिल्या महिन्यात तुझी चार पत्रं आली, दुसऱ्यात दोन. मग एका पत्रात साहेबाच्या पुतणीचं नाव तीनदा आलं आणि त्यानंतर पत्रंच बंद झाली. वर्षाने तुझी आई लग्नाचा फोटो दाखवायला आली. बिचारी खुशीत होती, तुझं-माझं तिला काय ठाऊक. फोटोत तुझ्या अंगावर बाबांचा सूट, खिशाला पांढरं फूल. मला इतकी चीड आली की फोटो तिच्या हातातून ओढून फाडावासा वाटला. बाबांनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, 'कोट चांगला बसलाय.' मी आत जाऊन भाजी चिरत बसले.

गेल्या पावसाळ्यात बाबांचं पोट दुखायला लागलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव मला बाहेर नेऊन सांगितलं, तेव्हाच समजले. सप्टेंबरात तुला पहिलं पत्र घातलं, सूट पाठव म्हणून. बाबा म्हणाले, कशाला, आता मला तो कुठला होणार. नवा शिवू म्हटलं तर नको म्हणाले, नवा माझ्या आईने पाहिलेला नाही. अंग मात्र महिन्या-महिन्याला उतरत चाललं होतं. डिसेंबरात त्यांनी स्वतःच लुईसला बोलावलं आणि टेप लावायला सांगितली. छाती चौतीस इंच भरली. 'झालो बघ फेबियनएवढा,' म्हणाले, आणि आजारात पहिल्यांदा पोटभर पेज प्यायले. माझं दुसरं पत्र त्याच दिवशीचं आहे. त्यात आकडासुद्धा लिहिला होता.

नाताळानंतर चौथ्या दिवशी बाबा गेले. माझ्या मामाच्या पांढऱ्या सदऱ्यात त्यांना पुरलं. लुईस खाटेशी उभा राहून त्यांच्या खांद्यांकडे बघत होता. 'आता बरोब्बर बसला असता, बाय,' एवढंच म्हणाला. तुझं पार्सल त्यानंतर पंधरा दिवसांनी आलं. नमस्कार मी देवळामागच्या दफनभूमीत, त्यांच्या मातीपाशी उभी राहून सांगितला.

शिव्या द्यायला लिहिते आहे असं समजू नकोस. त्यातल्या निम्म्या माझ्याच वाट्याला येतील, कापा मी म्हटलं होतं. लिहायचं कारण सूट. लुईस म्हणतो, कुणाला तरी देऊन टाक. मी दिला नाही. बाबांच्याच पेटीत डांबराच्या गोळ्या घालून ठेवला आहे आणि येत्या मृतांच्या सणाला उन्हात घालीन. तो तुझ्या मापाने कापलेला आहे आणि लग्नातही तूच घातलास, तेव्हा रीतीप्रमाणे तो तुझाच. अंगाला होत नाही याची काळजी करू नकोस. बाबांची छातीही बेचाळीस होती, आजारपणात माणूस बेताचा होतो. घरच्यांना फक्त एवढं सांगून ठेव, की वेळ आली की सांडोरला एक पत्र टाका. मी दोनदा लिहायला लावणार नाही.

तुझीच,
पॉलिन