तुमची इटालीवाली कुणाला देऊ?

प्रिय सर,

जिवंतपणी मी तुम्हाला कधी 'सर' म्हटलं नाही. आख्खं तेलगाव म्हणायचं, म्हणून मी म्हणत नव्हते. आज म्हणते, कारण आज तुमचा लई राग आलाय अन् रागात 'अहो' काही जिभेवर येत नाही.

वंदना मॅडमनी तुमची गाडी मागितली. म्हणून हे पत्र.

आपण बुद्धाची माणसं. आत्मा वर बसून बघतो, पत्रं वाचतो, असलं काही आपण मानत नाही. तुमच्या जलदान विधीला भन्तेजींनी पण तेच समजावलं अन् मी मान डोलावली. म्हणजे हे पत्र पोचणार नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. बरंच आहे. पोचणार असतं तर मी एवढं खरं लिहिलं नसतं.

मागच्या रविवारी मॅडम आल्या. हातात डब्यात गरम धपाटे, वर दह्याची वाटी. इकडचं तिकडचं बोलल्या अन् मग हळूच म्हणतात कशा, "ताई, राग येऊ देऊ नका. गाडी नुसती उभी हाय. सरांनी तिला लई जपलं. मला देता का? तिची नस न् नस मला म्हाईत हाय."

नस न् नस! सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून माझी सगळी नोकरी लोकांच्या नसा शोधण्यात गेली अन् माझ्या दारातल्या गाडीची नस तिला म्हाईत! हातातला धपाटा मी परत डब्यात ठेवला.

तुम्हाला वाटायचं, मला ती गाडी आवडत नाही. चूक. गाडी काय करते बिचारी? अंबाजोगाईच्या डॉक्टरांकडून तुम्ही ती आणली तेव्हाच ती म्हातारी होती. कंपनी इटालीची, जुळवलेली इथंच, पण तुम्ही असं सांगायचे जणू स्वतः जाऊन तिथून चालवत आणली. मी म्हटलं होतं, "अहो, हिचे पार्ट बीडला तरी मिळतील का?" तुम्ही म्हणालात, "अगं सुमन, तिथंबी माणसानंच बनवली ना? मग इथल्या माणसाला का जमू नये?" भूगोल शिकवणाऱ्या माणसाचं हे उत्तर!

दोन-तीन वर्षं बरी चालली. मग तिला ते खूळ लागलं. डावीकडचा इंडिकेटर दिला की पेट्रोलचा काटा नाचायचा. हेडलाइट लावली की इंजिन तापल्याचा काटा सरसर वर. मधूनच डॅशबोर्डवरचे सगळे लाल दिवे मिणमिणायचे, जसं काही गाडीला ताप भरलाय. अन् गाडी तर नीट चालतीय! काट्यांचं तेवढं बिघडलेलं.

नांदूरघाटला माझ्या भाचीचा साखरपुडा होता, आठवतं? काटा म्हणाला टाकी अर्धी भरलीय. तुमचा त्याच्यावर विश्वास. केजच्या पुढं गाडी बंद! मी नव्या साडीत रस्त्याच्या कडेला, उन्हात. शेवटी उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं मला पुढं नेलं अन् साखरपुड्यात मी अंगावर पाचट घेऊन शिरले. तुम्ही मात्र मागं थांबलात. का, तर गाडीला एकटं सोडवेना. ट्रॅक्टरवर चढताना मी मागं वळून बघितलं तर तुम्ही डॅशबोर्डवर हात ठेवून म्हणत होतात, "हिला कुठंतरी काहीतरी दुखतंय."

मला कधी असं विचारलंत हो? कुठं दुखतंय म्हणून?

तरी तेवढं मी सोसलं. गाडीशी काय भांडायचं? पण मग तुमच्या शाळेत त्या आल्या. विज्ञान शिकवायला. घर भाड्यानं घेतलं ते नेमकं आपल्या मागच्या गल्लीत. नवरा लातूरला नोकरीला, लेकरं हॉस्टेलला, अन् रविवार सगळा मोकळा. तुम्ही स्टाफरूममध्ये गाडीचं गाऱ्हाणं सांगितलं असणार. पुढच्या रविवारी बाई दारात हजर. "सर, बघू या का वायरिंग?"

बघू या म्हणे!

त्या दिवसापासून रविवार सकाळ तुमची राहिली नाही, म्हणजे माझी राहिली नाही. तुम्ही मागं टेललाइटपाशी उकिडवे बसलेले, मॅडम ड्रायव्हरच्या सीटवर. मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं. "ब्रेक दाबा. सोडा. दाबा. आता इंडिकेटर द्या. नाचला का काटा?" "नाचला, सर!" अन् मग दोघं हसायचे. काटा नाचला म्हणून हसायचे! आमच्याकडं पेशंटचा ताप उतरला नाही तर कुणी हसत नाही.

चहा मी करायचा अन् ब्रेक तिनं दाबायचा. असा आपला संसार.

किती उद्योग केले तुम्ही दोघांनी. टाकीतला सेन्सर बदलला. फ्यूज बदलले. बीडच्या भंगार बाजारातून दुसरं मीटर आणून बसवलं, तेही तसंच नाचायला लागलं. बॅटरीजवळची अर्थिंगची वायर घासून चकचकीत केली. दोष काही सापडेना. अन् खरं सांगू? मला वाटायचं, यांना तो सापडायलाच नको आहे. सापडला तर रविवार संपतील! असं मनात यायचं अन् मी भाजीत मीठ दोनदा घालायची. तुम्ही गुमान खायचे, त्याचाही राग यायचा.

वाईट काही नव्हतं तुमच्यात. मला ठाऊक आहे. तसलं काही असतं तर मी दोघांना सरळ केलं असतं. पण जळणं तेवढ्यावर थोडंच अवलंबून असतं? तुम्ही तिच्याशी जे बोलायचात ते माझ्याशी बोलत नव्हतात, एवढं पुरेसं होतं.

तर मागच्या रविवारी त्यांनी गाडी मागितली. आपली प्रज्ञा तर पुण्याहून रोजच फोन करते, "आई, विकून टाक." तिला नाही म्हणते. पण ह्या बाईला नुसतं नाही कसं म्हणायचं? तुमच्या आजारपणात ती बिचारी दवाखान्यात डबे घेऊन यायची. माझं डोकं फिरलं अन् तोंडातून निघून गेलं, "असं करा मॅडम. काट्याचा दोष शोधून दाखवा. सापडला तर गाडी तुमची."

मी कावून असं बोलले? शब्द तर गेला. आठवडाभर मला जेवण गोड लागलं नाही. गाडी अंगणात उभी होती अन् मी येता-जाता तिच्या टपावरची धूळ पुसत होते. सीटवर अजून तुमच्या पाठीचा खड्डा आहे. तो खड्डा मागच्या गल्लीत जाणार?

आज सकाळी मॅडम आल्या. हातात मल्टीमीटर. तुमचा! लाल वायरीला तुम्ही चिकटपट्टी लावलेला. म्हटलं, "हा कुठून आला?" तर म्हणे, "सरांनीच दिलेला, ताई. म्हणाले, तुमच्याजवळ राहू द्या." मला आपल्या लग्नात दिलेलं घड्याळ सोडून तुम्ही कधी काही दिलं होतं का, आठवून बघा.

त्या खाली डॅशबोर्डमध्ये डोकं घालून बसल्या अन् मला म्हणाल्या, "ताई, ब्रेक दाबा."

मी दाबला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! पायाखाली ब्रेक दबला अन् माझ्याच्यानं राहवेना. मी विचारलं, "मॅडम, हे एवढंसं काम. ह्यांनी मला कावून बोलवलं न्हाई कधी?"

खालून आवाज आला, "सर म्हणायचे, सिस्टरचे पाय सुजतात हो ड्यूटीवरनं आल्यावर. रविवारी तरी तिला ब्रेक दाबायला लावू नका म्हणायचे."

तुम्हाला वाटेल हे ऐकून मी विरघळले असेन. अजिबात नाही! माझे पाय सुजतात हे तुम्हाला दिसत होतं? अन् दिसत होतं तर ते तुम्ही तिला सांगितलंत? मला नाही? एकदा विचारायचं होतंत ना, "सुमन, पाय दुखतात का गं?" मी 'नाही' म्हटलं असतं, पण विचारायचं तर होतंत! माझ्या पायांची काळजी पण तुम्ही मागच्या गल्लीत नेऊन ठेवलीत. मी ब्रेक एवढ्या जोरात दाबला की मॅडम म्हणाल्या, "ताई, हळू."

दुपारपर्यंत त्यांनी सगळं तपासलं. म्हणाल्या, "करंट मीटरपर्यंत बरोबर येतो, ताई. परत जायला वाट न्हाई त्याला. अर्थिंग खराब हाय कुठंतरी. मग तो दुसऱ्या दिव्याच्या वायरीतनं वाट काढतो अन् काटे नाचवतो. पण बॅटरीजवळचं, बॉनेटखालचं, सगळं तर आमी घासलंय. आतलं कंपनीचं फिटिंग हाय, त्याला कुणी हात लावलेला न्हाई." असं म्हणून त्यांनी काढलेला एक स्क्रू हरवू नये म्हणून दातांत धरला.

अन् सर, माझ्या तोंडात लोखंडाची चव आली.

जयंती! तुम्ही गाडी आणली त्याच्या पुढच्या वर्षीची भीमजयंती. ह्या मॅडम तेव्हा गावात नव्हत्याच. मिरवणुकीत आपली गाडी सगळ्यात पुढं काढायची होती, बाबासाहेबांचा फोटो टपावर, अन् गाडीला चौफेर निळी लाइटिंग. ऐन वेळी लाइटिंग पेटेना. तुम्ही डाव्या बाजूला, पायाजवळचं कव्हर उचकटून आत शिरलात, लाइटिंगच्या वायरीची लोखंडी कडी बसवायला कंपनीचा बोल्ट खोलला अन् मला म्हणालात, "सुमन, हा नट धर. हरवला तर मिरवणूक इथंच थांबंल." माझ्या दोन्ही हातांत लाइटिंगची माळ. मी नट दातांत धरला. ग्रीसची घाण चव, अन् बाहेर पोरं घोषणा देतायत, अन् तुम्ही घामानं निथळत माझ्याकडं बघून हसलात. लाइटिंग पेटली तेव्हा तुमचा चेहरा निळा झाला होता. माझा पण असेल.

हे मी विसरलेच कशी? अन् तुम्ही तर साफच विसरलात! लाइटिंग काढताना तुम्ही वायर बाहेरून तोडली असणार. आतली कडी तशीच त्या बोल्टाखाली राहिली. वर्ष-दोन वर्षांत गंजली. अन् मग तुम्ही सगळी गाडी धुंडाळली, तुमच्या स्वतःच्या हातचं काम तेवढं सोडून!

मॅडम उठून हात पुसत म्हणाल्या, "न्हाई ताई. सरांनाच सापडला न्हाई, मला काय सापडंल?"

गप्प बसले असते तरी गाडी माझीच होती. पण मला गप्प बसवेना. मी म्हटलं, "सरका जरा."

साडी खोचली, डाव्या बाजूला आत वाकले. कव्हर निघालं. आत काही दिसत नव्हतं, पण मला दिसायची गरज नव्हती. बोटांनी चाचपत गेले. बोल्ट लागला, त्याच्यावर मीटरच्या अर्थिंगच्या वायरी अन् खाली ती कडी, बोटाला गंजाचा भुगा लागला. पान्यानं बोल्ट खोलला. कडी काढून मुठीत घेतली. तिला वीतभर वायरीचा तुकडा लोंबत होता. मॅडमना म्हटलं, पॉलिश पेपर द्या. पत्रा घासला, वायरी घासल्या, बोल्ट आवळला.

"इंडिकेटर द्या."

टिक, टिक, टिक.

"हेडलाइट लावा."

मी डोकं बाहेर काढलं तर मॅडमच्या डोळ्यांत पाणी. काटा जागेवर उभा! "ताई," त्या म्हणाल्या, "तुमाला कसं कळलं?"

कडी माझ्या मुठीत होती. मी म्हटलं, "घरातली गोष्ट हाय."

त्यांनी गाडीचं नाव पुन्हा काढलं नाही. जाताना मल्टीमीटर माझ्या हातात देऊ लागल्या. मी घेतला नाही. तुम्ही त्यांना दिलाय, त्यांच्याकडंच असू दे. एवढी पण मी कोती नाही.

त्या गेल्यावर मी धावतच घरात आले, तुम्हाला सांगायला. "अहो, सापडला!" असं दारातूनच ओरडले. मग तुमची रिकामी खुर्ची दिसली. हात तेलकट होते तरी पदर तोंडाला लावून रडले. मेलेल्या माणसावर एवढं चिडता येतं हे मला ठाऊक नव्हतं. अहो, थोडं थांबायचं होतं ना! माझ्या आयुष्यात मी एकदाच तुमच्या गाडीचं काही जिंकले अन् बघायला तुम्ही नाही.

तर आता ऐका. वचन देते. गाडी कुठं जाणार नाही. ह्या जयंतीला ती पुढं असेल अन् चालवणार मी. वंदना मॅडमना शेजारी बसवीन, फार तर.

अन् दुसरं. मॅडमना वाटतंय, जुनी गाडी होती, आपोआप गंज चढला. तसंच वाटू दे. दोष तुम्हीच करून ठेवला होता, हे मी त्यांना सांगणार नाही. प्रज्ञाला नाही, शाळेत नाही, कुणालाच नाही. तुमची हुशारी सगळ्या गावानं वाटून घेतली, मला त्यातलं फार काही उरलं नाही. पण तुमची ही चूक आहे ना, सर, ती एकट्या माझी.

तुमचीच, अजून जळणारी,
सुमन