दुर्गाबाईंच्या दारातला तांबडा डाग

काळेवाडी, मंगळवार

तीर्थस्वरूप सोपानमामांच्या पायांवर रोहिदासचे डोके.

आपला डावा गुडघा कसा आहे? माझी प्रकृती उत्तम असून वजन मागच्या महिन्याइतकेच आहे. (दोन वेगवेगळ्या काट्यांवर पाहिले.) फोनवर मी अडखळतो, लिहिताना अडखळत नाही, म्हणून पत्र. शिवाय आपण माझी पत्रे लाल शाईने तपासून परत पाठवता, ते मला आवडते. मागच्या पत्रात तीनच चुका निघाल्या होत्या.

आपण पंधरवड्यापूर्वी येऊन गेलात. त्यानंतर आमच्या घरमालकीण दुर्गाबाई यांच्या दारात, नेमका रांगोळीच्या जागी, बशीएवढा तांबडा डाग दिसू लागला. मी गॅरेजात कामाला, तेव्हा डाग माझाच, असा निकाल त्यांनी जागच्या जागी दिला. मी नाही म्हटले. "तुजा न्हाई तर कुणाचा हाय ते शोध. न्हाईतर एक तारखेला खोली खाली कर," म्हणाल्या. एकट्या मुलाला या भागात खोली मिळवताना किती दारे पाहावी लागतात हे आपल्याला ठाऊक आहे, त्यातली अकरा तर आपण माझ्याबरोबर पाहिलीत. मी त्याच दिवशी तपास सुरू केला.

फरशीच्या फटीत तेल थोडे ओले राहिले होते. ते डोळ्यांच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत (धुऊन, वाळवून) घेतले आणि आमचे मालक नवाबभाई यांच्यासमोर ठेवले. त्यांनी दोन बोटांत चोळले, वास घेतला. काळे नाही, म्हणजे इंजिनचे नव्हे. पाण्यात मिसळत नाही, म्हणजे रेडिएटरचे नव्हे. हे बिनक्लचच्या, ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सचे तेल. त्याचा तांबडा रंगसुद्धा त्याचा स्वतःचा नसतो, गळती ओळखता यावी म्हणून मुद्दाम घातलेला असतो, हे मला त्या दिवशी कळले. नवाबभाई असा थेंब लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर टाकतात, कारण तो कागद जाड असतो. (गॅरेजच्या फळीवर तीस वर्षांतली लोकांची लग्ने थेंबांसह ठेवलेली आहेत.) चांगले तेल बाहेर पसरते, जळका गाळ मध्ये राहतो. आमच्या थेंबाला मध्ये तपकिरी वर्तुळ आले आणि भोवती गुलाबी. नवाबभाई म्हणाले, "दोन तेलं आहेत, भावा. जळलेलं आत राहू दिलं अन् वरून भलतंच ओतलंय. गाडी कुणातरी हुशार माणसाची दिसते."

गल्लीत ऑटोमॅटिक गाड्या तीनच: दातांच्या डॉक्टरांची, केटरिंगवाल्यांची आणि हिंजवडीच्या कोंडीला कंटाळलेल्या एका इंजिनिअरची. रविवारी सकाळी मी फळीवरच्या तीन पत्रिका घेतल्या आणि कोरी बाजू वर करून प्रत्येक गाडीखाली एक ठेवली. संध्याकाळी पाहतो, तर तिन्ही गायब. मामा, मी औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूरही वाचतो, पण त्या पत्रिका उलटून पाहिल्या नाहीत. त्या जुन्या नव्हत्या. नवाबभाईंच्या मुलाच्या, रमीजच्या, वलीम्याच्या (लग्नानंतरच्या मेजवानीच्या) होत्या आणि वलीमा चार दिवसांवर होता.

गाडीला लावलेली पत्रिका वाऱ्याने खाली पडली असावी, असा तिन्ही घरांनी समज करून घेतला आणि गुरुवारी चौदा माणसे नटून आली. डॉक्टरांनी मिक्सर आणला. नवाबभाईंनी त्यांना मिठी मारली आणि त्यांच्या खांद्यावरून मला खुणेने विचारले, हे कोण? मी कानात सांगितले. ते म्हणाले, "अरे, आधी त्यांना बिर्याणी वाढ, तेल मागून तपास!" पण हॉलचा पत्ता शोधायला तिघांनीही पत्रिका हातात आणल्या होत्या, तेव्हा मी त्या मागून घेतल्या आणि हॉलच्या दिव्याखाली उलटून पाहिल्या. तिन्ही पांढऱ्याशुभ्र. गल्लीतली एकही गाडी गळत नव्हती.

आपण तब्येतीस जपावे. जिना उतरताना कठडा धरावा.

आपला भाचा,
रोहिदास

ता. क. तेल आपले आहे. आपण आलात त्या रविवारी आपली बिनक्लचची गाडी दुर्गाबाईंच्या दारात उभी होती आणि बार्शीच्या स्टँडजवळ आपण स्वतः उभे राहून गिअरबॉक्समध्ये अर्धा लिटर तेल वरून ओतून घेतलेत, हे आपणच मला चहा पिताना सांगितले होते. फोनवर गाडीचा विषय काढला की आपण "माझी गाडी थेंब गाळत नाही" म्हणून फोन ठेवता, म्हणून आधी सगळा पुरावा लिहिला. गाडी चालवू नये, गिअरबॉक्स जळेल. टेम्पोवर घालून इकडे आणावी. कामाला चार दिवस लागतील, तेवढे दिवस माझ्या खोलीवर राहावे.

ता. क. दुसरा. दुर्गाबाईंना खरे ते सांगितले. "मास्तरांची गाडी व्हय? मग ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. आज सकाळी त्यांनी डाग मध्ये ठेवून भोवती रांगोळी काढली. खोली राहिली. आपण तिखट किती खाता असे विचारत होत्या. मी मध्यम सांगितले आहे.

ता. क. तिसरा. नवाबभाई म्हणतात, काम एका दिवसाचे आहे. चार हा आकडा माझा. या पत्रात तेवढीच एक चूक आहे, आणि ती मला माहीत आहे, तरी तिच्याखाली लाल रेघ मारू नये.