नाल्याचं पाणी, फ्रिजमध्ये

आई, तू धुतलेली ती बाटली आज पुन्हा आठवली आणि डोकं फिरलं. तुझ्यावर नाही.

भिलाईच्या सेक्टर दहामधल्या क्वार्टरचा आपला ओटा. मी कॉलेजात पाण्याचा अभ्यास करायला लागले होते. नाला शिवनाथ नदीला मिळतो तिथलं पाणी आणून, सकाळी प्रयोगशाळेत न्यायचं म्हणून, फ्रिजमध्ये दह्याच्या पातेल्याशेजारी ठेवलं होतं. सकाळी बघते तर बाटली लख्ख. तू पोळ्या लाटत सांगतेस, "ते घाण पाणी फेकलं मी. साबणानं घासून फिल्टरचं भरलं. चार लोकांत असं पाणी नेशील काय? घरची इज्जत हाय का नाही?" मी कपाळावर हात मारला. "आई, मले तेच तपासाचं होतं!" तू पोळी तव्यावर टाकलीस. "कावून? घाण हाय, हे तं नाकालेच समजते."

तुला जाऊन कितीतरी वर्षं झाली, मी अजून त्याच नाल्यावर जाते. हे पाणी शिवनाथमधून महानदीत आणि पुढे ओडिशात समुद्राला मिळतं. तिथल्या खाडीत मासे का कमी झाले, हे शोधणाऱ्या लोकांबरोबर मी काम करते. वरच्या टोकाचं पाणी माझ्याकडे. "भिलाईत समुद्र कुठी हाय वं?" म्हणून तू हसली असतीस. पण आपण मोरीत ओततो ते तिथवर जातं, आई.

नाल्याचे आकडे वाईट आले, म्हणून आज आमच्या ऑफिसच्या साहेबांनी बोलावलं. "मॅडम, सॅम्पल थोडा ऊपर से ले लीजिए, नाला मिलने से पहले. नदी तो वही है ना." म्हणजे बाटली धुऊन आणा! तू भोळेपणानं केलंस ते हे शिकलेसवरलेले लोक जाणूनबुजून मागतात. मी तोंडावर "नाही" म्हणून सांगितलं. माझं कंत्राट त्यांच्याच सहीनं वाढतं; नाही वाढलं तर इथंच जवळ, जुनवानीत, मुलांच्या ट्यूशन घेईन, पण नाल्याचं पाणी नाल्याचंच लिहीन.

उद्या अहवाल द्यायचा आहे. हे पत्र कुठे टाकणार, उशीखाली ठेवते. आजची बाटली फ्रिजमध्ये दह्याशेजारीच आहे, आणि तिला हात लावणारं आता घरात कोणी नाही. साहेबांपुढे आवाज चढवून आले खरी, तुझ्यापासून काय लपवू?

मले भेव लागून राहिलं, आई.